शाळेची वाट

नवे नगर वसवावयाचे म्हटले की, रस्ते किती रुंद असावेत, बाजार कोठे भरावा, कचेऱ्या कोठे उभ्या राहाव्यात, यांचा विचार आधी होतो. शाळेच्या वाट्याला बहुधा उरलासुरला कोपरा येतो. आपल्या जुन्या शहरांत तर हेच घडत आले. पुण्याच्या पेठांत काय किंवा मुंबईच्या गिरगावात काय, शाळा वाड्यांत भरल्या, चाळींत भरल्या, देवळांच्या ओवऱ्यांत भरल्या. शहर आधी झाले आणि शाळा मागाहून आली. स्वतंत्र भारतात मात्र एक शहर असे निर्माण झाले की, त्याच्या नकाशावर शाळेची जागा घरांच्या जागेबरोबरच निश्चित करण्यात आली. ते शहर म्हणजे चंदीगड. तेथील सरकारी शाळेची हकिकत ही एका शहरापुरती हकिकत नाही. सर्वांची म्हणून उभारलेली शाळा सर्वांची राहते का, आणि न राहिली तर ती कोणाची होते, हा प्रश्न मुंबईपासून कोलकात्यापर्यंत प्रत्येक महानगरापुढे आहे. चंदीगडमध्ये तो नकाशावर बोट ठेवून दाखविता येतो, एवढेच.

या शहराचा जन्म एका वियोगातून झाला. १९४७ साली पंजाबची फाळणी झाली आणि लाहोर पाकिस्तानात गेले. राजधानी गेली, तेथील विद्यापीठ आणि न्यायालय गेले, आणि लक्षावधी माणसे घरदार टाकून इकडे आली. १९४८ साली शिवालिकच्या टेकड्यांच्या पायथ्याशी नव्या राजधानीसाठी जागा मुक्रर झाली. अल्बर्ट मेयर आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांनी पहिला आराखडा तयार केला. परंतु १९५० साली नोविकी विमान-अपघातात निवर्तले. मग प्रशासक थापर आणि मुख्य अभियंता वर्मा हे दोघे युरोपात गेले, आणि ल कार्बुझिये, त्यांचे नात्यातले बंधू पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय व जेन ड्र्यू या चौघांकडे हे काम आले. त्यांच्या हाताखाली तरुण भारतीय वास्तुविशारदांचा एक संच होता. त्यातील प्रभावळकर आणि देठे ही नावे ऐकताच मराठी कान टवकारल्यावाचून राहत नाहीत. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नव्या राजधानीचे उद्‌घाटन झाले.

या शहराचा घटक म्हणजे सेक्टर. सुमारे आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब असा हा चौकोन. वेगाची वाहने धावावयाची ती त्याच्या चारी कडांच्या रस्त्यांवरून. आतून एक बाजाराचा रस्ता आडवा जातो, आणि त्याला छेद देत हिरवळीचा एक लांबच लांब पट्टा एका सेक्टरातून दुसऱ्या सेक्टरात पोहोचतो. शाळांची जागा या हिरवळीतच ठरविण्यात आली. शेजारघटकाच्या मध्यावर शाळा असावी, ही कल्पना १९२९ साली क्लॅरन्स पेरी या अमेरिकन विचारवंताने मांडली होती. एका प्राथमिक शाळेला पुरेल इतकी वस्ती म्हणजे एक शेजार, आणि शाळेला जाताना मुलाला मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, असा त्याचा हिशेब होता. चंदीगडमध्ये तो बऱ्याच अंशी प्रत्यक्षात आला. मोटारींसाठी प्रसिद्धी पावलेल्या या शहराच्या रचनेत आठ-दहा वर्षांच्या पोराची पावले मोजली गेली होती, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

शाळांच्या इमारतीही साध्या आणि विचारपूर्वक बांधलेल्या होत्या. उघड्या विटांच्या भिंती, ऊन अडविणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्या, वारा खेळावा म्हणून विटांच्या जाळ्या. उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर चढतो आणि हिवाळ्यात दाट धुके उतरते, अशा हवेचा तो विचार होता. पैसा थोडा होता. पण सरकारी शाळा म्हणून तिला कमी लेखलेले नव्हते. गावातल्या सर्वांत चांगल्या जागी, झाडांच्या सावलीत तिला बसविण्यात आले होते. या शेजारातील सर्व घरांची मुले एकाच वाटेने चालत एकाच शाळेत जातील, हे आश्वासन त्या जागेतच अनुस्यूत होते.

हेच आश्वासन पुढे शब्दांतही आले. १९६४ साली डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमण्यात आला. त्याचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीसारख्या लहान गावी जन्मलेल्या आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत आपले कर्तृत्व ओतलेल्या या मराठी माणसाचा आयोगाच्या कामात फार मोठा वाटा होता. जून १९६६ मध्ये सादर झालेल्या अहवालात सार्वजनिक शिक्षणाची एकच समान व्यवस्था असावी, आणि टप्प्याटप्प्याने शेजारशाळेची पद्धती अमलात यावी, असे सुचविण्यात आले. जात, धर्म, सांपत्तिक स्थिती काहीही असो, एका परिसरातील मुलांनी त्याच परिसरातील शाळेत एकत्र शिकावे, असा तिचा अर्थ. योगायोग असा की, त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९६६ रोजी, पंजाबची पुनर्रचना झाली आणि चंदीगड हा केंद्रशासित प्रदेश बनला. पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी तेथेच राहिली. एका वर्षी देशाला शेजारशाळेचा विचार मिळाला आणि त्याच वर्षी, जेथे तिच्यासाठी जागा राखलेलीच होती असे शहर केंद्राच्या हाती आले. याहून अनुकूल योग क्वचितच जुळून येतो.

मग पुढे झाले काय?

पहिली गोष्ट अशी की, शेजार समान नव्हता. सरकारी नोकरांसाठी जी घरे बांधण्यात आली, त्यांचे हुद्द्यानुसार तेरा प्रकार पाडण्यात आले होते; मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत प्रत्येकाची पायरी ठरलेली. उत्तरेच्या सेक्टरांत विस्तीर्ण आवारांचे बंगले आले आणि दक्षिणेकडे वस्ती दाट होत गेली. शाळा शेजाराची खरी. पण शेजारच जर पगाराच्या आकड्यावरून बेतला, तर शाळेत निरनिराळ्या थरांतील मुले एकत्र यावीत कशी?

दुसरी गोष्ट अधिक वेदनादायक आहे. ज्यांनी हे शहर बांधले, त्यांच्यासाठी नकाशात जागा नव्हती. राजस्थानातून आणि आसपासच्या मुलुखातून आलेले मजूर विटांच्या आणि काँक्रीटच्या टोपल्या डोक्यावरून वाहत होते. त्यांच्या वसाहती तात्पुरत्या समजल्या गेल्या. शहर पुरे झाले की ही माणसे निघून जातील, अशी समजूत असावी. शहर काही पुरे झाले नाही आणि माणसेही गेली नाहीत. उलट उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आणखी आली. पाच लक्ष वस्तीसाठी योजलेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १०,५५,४५० भरली. वसाहती उठविल्या गेल्या आणि त्यांतील अनेक कुटुंबांना धनास, मलोया, मौली जागरां, दादूमाजरा अशा कडेच्या भागांत घरे मिळाली. त्यासाठी २००६ साली लहान सदनिकांची योजना आली. २०१३ मध्ये पाच क्रमांकाची वसाहत हटविण्यात आली आणि २०२२ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेला चार क्रमांकाची. कुटुंबाला पक्के घर मिळणे ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु घर हलले की मुलाची शाळा सुटते, किंवा तिची वाट लांबते, हा भाग पुनर्वसनाच्या हिशेबात सहसा धरला जात नाही.

तिसरी गोष्ट कोणाच्याही आज्ञेवाचून घडली. सेक्टरांतील सुस्थित कुटुंबांनी आपली मुले हळूहळू खाजगी शाळांत घातली. सकाळी बंगल्याच्या दारी बस येते आणि मुलाला चार सेक्टर पलीकडच्या शाळेत घेऊन जाते. त्याच वेळी चार सेक्टर पलीकडच्या वसाहतीतील मूल सायकलवरून किंवा पायी या सेक्टरातील सरकारी शाळेकडे येत असते. हिरवळीतील वाट अजून आहे. पण जिच्यासाठी ती आखली होती ती मुले तिच्यावरून चालत नाहीत, आणि जी चालतात त्यांची नकाशाने दखल घेतलेली नव्हती.

आज चंदीगडमधील एखाद्या मोठ्या सरकारी उच्च माध्यमिक विद्यालयात सकाळच्या प्रार्थनेला उभे राहणाऱ्या समुदायाकडे पाहावे. पटावर हजाराहून अधिक मुले. कोणाचे वडील गवंडी, कोणाचे रिक्षाचालक, कोणाचे पहारेकरी, कोणाची आई चार घरची धुणीभांडी करणारी. कोणी लहान दुकानदाराची मुलगी, कोणी सचिवालयातील कारकुनाचा मुलगा. बुडैल, अटावा यांसारखी काही खेडी सेक्टरांच्या पोटात तशीच राहिली आहेत. तेथील पंजाबी बोलणारी मुले आहेत. फाळणीत आलेल्या कुटुंबांची नातवंडे-पणतवंडे आहेत. गढवाल-कुमाऊंची आहेत, नेपाळी आहेत, पूर्वांचल आणि बिहारची तर पुष्कळच आहेत. जनगणनेचा तक्ता सांगतो की, २०११ साली चंदीगडमध्ये शेकडा ७३ हून अधिक लोकांची मातृभाषा हिंदी होती आणि शेकडा २२ लोकांची पंजाबी. परंतु त्या तक्त्यात हिंदी या एका मथळ्याखाली भोजपुरी, गढवाली, कुमाउनी, हरियाणवी, बागडी या साऱ्या बोली मोजल्या जातात. जनगणनेला जे एक दिसते, ते शिक्षकाला वर्गात पाच-सहा प्रकारचे ऐकू येते.

आपल्या मुंबईशी तुलना केली तर यातील वेगळेपण ध्यानात येईल. मुंबई महानगरपालिकेने मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा आठ माध्यमांतून शाळा चालविल्या. मुलाला त्याच्या भाषेत शिकविण्याची ती मोठी सोय होती, आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र तीत तमिळ मूल तमिळ वर्गात आणि मराठी मूल मराठी वर्गात बसले. चंदीगडमध्ये भोजपुरी आणि पंजाबी घरांतील मुले एका बाकावर आली. दोन्ही पद्धतींत काही लाभते, काही गमवावे लागते. चंदीगडच्या शिक्षकाला मुलाची घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांतील अंतर स्वतः भरून काढावे लागते. आणि त्या कामाची नोंद करण्यासाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नसतो.

शिक्षकाचे काम कायद्यानेही वाढविले आहे आणि ते योग्यच झाले. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यावयाचा राहिला म्हणून थांबवून ठेवता येत नाही. दहा वर्षांचे मूल कधी शाळेत गेलेच नसेल, तर त्याला लहान मुलांत बसवावयाचे नाही. त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावयाचे आणि मागे पडलेला अभ्यास विशेष शिकवणीने भरून काढावयाचा. मजुराच्या मुलाच्या दृष्टीने या तीन गोष्टी म्हणजे शाळेच्या दाराची तीन कुलुपे निघण्यासारखेच आहे. पण दार उघडल्यावर आत काय होते, हे वर्गातील संख्येवर आणि शिक्षकांच्या भरतीवर अवलंबून असते. जागा अपुरी पडल्याने चंदीगडमध्ये काही शाळा दोन पाळ्यांत चालवाव्या लागल्या. चाळीस मुलांसाठी बांधलेल्या खोलीत साठ बसली, तर समान संधी हे शब्द फळ्यावरच राहतात.

सुस्थित वर्गाने या शाळांकडे पाठ फिरविली म्हणजे त्या वाईट आहेत, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो कितपत खरा, हे दोन गोष्टींवरून ताडता येईल. केंद्र सरकारने राज्यांच्या शालेय व्यवस्थेचा जो तुलनात्मक निर्देशांक सुरू केला, त्याच्या २०१७-१८ च्या पहिल्याच यादीत गुजरात आणि केरळ यांच्याबरोबर चंदीगड सर्वांत वरच्या गटात होते. दुसरी गोष्ट तर शहरातील आईबापांनीच सिद्ध केली. दहावीपर्यंत खाजगी शाळेत शिकलेली मुले अकरावीला मध्यवर्ती सेक्टरांतील सरकारी विद्यालयांत मोठ्या संख्येने प्रवेश मागू लागली. प्रवेश गुणांवर असल्याने त्यांनी हव्या त्या विद्यालयातील आणि विज्ञान-वाणिज्याच्या जागा मिळविल्या. आणि पहिलीपासून सरकारी शाळेत शिकलेल्या वसाहतीतील मुलाला त्याच्याच शाळेच्या वरच्या वर्गात जागा मिळणे कठीण होऊ लागले. अखेरीस २०२३ साली प्रशासनाने अकरावीच्या शेकडा ८५ जागा चंदीगडच्या सरकारी शाळांतून दहावी झालेल्या मुलांसाठी राखल्या आणि उरलेल्या १५ इतरांसाठी ठेवल्या.

या निर्णयावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. गुणवान मुलाचा मार्ग अडविला, असे एक पक्ष म्हणतो. दहा वर्षे ज्या शाळेकडे ज्यांनी पाहिले नाही, त्यांनी शेवटच्या दोन वर्षांसाठी येऊन पुढच्या रांगेत बसावे, हा कोणता न्याय, असे दुसरा विचारतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक वजनदार आहे. पण या वादातून एक गोष्ट निर्विवाद ठरते. अकरावीला जी शाळा सर्वांना हवीशी वाटते, ती पहिलीला नकोशी का वाटावी? इमारत तीच, आवार तेच, शिक्षकांच्या नेमणुकीचे नियमही सरकारीच. फरक असतो तो बाकावर शेजारी कोण बसणार याचा. मूल लहान असताना ते कोणाबरोबर वाढते याची आईबापांना धास्ती वाटते. मोठे झाले की परीक्षेच्या गुणांपुढे ती धास्ती मावळते. गुणवत्तेच्या नावाखाली पुष्कळदा सोबत निवडली जात असते, हे कबूल करावयास हवे.

नाईकांनी पुढे समानता, गुणवत्ता आणि संख्या या तीन बाजूंच्या त्रिकोणावर ग्रंथ लिहिला, आणि हा त्रिकोण साधता साधत नाही, असेच त्याच्या नावातून सुचविले. मुले वाढली की दर्जा घसरतो, दर्जा राखावा तर गरिबांची मुले गळतात, हे रडगाणे प्रत्येक पिढीने गाइले आहे. परंतु निरनिराळ्या घरांतील मुले एकत्र आणणे हेच मुळी शिक्षण आहे, अशी आपल्याकडची एक जुनी परंपरा आहे. सातारला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीत जेवली, एकत्र राबली आणि एकत्र शिकली. ती मुले पुस्तके कोणती वाचीत, हे आज कोणी विचारीत नाही. ती एकत्र वाढली आणि त्यांतून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांचे नेतृत्व उभे राहिले, हे मात्र सर्वांना ठाऊक आहे. शहरात आज पंक्तीची अडचण राहिली नाही. अडचण आहे ती बाकाची.

आणि येथे चंदीगडचा प्रश्न एका विशिष्ट वर्गाच्या दारापर्यंत येतो. हे शहर अधिकाऱ्यांचे आहे. दोन राज्यांची सचिवालये आणि केंद्रशासित प्रदेशाचे प्रशासन तेथे नांदते. शाळेची इमारत मंजूर करणारे, शिक्षकांची पदे भरणारे, अकरावीच्या जागांची वाटणी करणारे हात त्याच सेक्टरांत राहतात. ज्यांच्या सहीने सरकारी शाळा चालते, त्यांपैकी कितीकांची मुले तेथे शिकतात, हा प्रश्न देशात सर्वत्र विचारला जातो. ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील शासकीय वेतन घेणाऱ्यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांत घालावीत यासाठी पावले उचलण्याचा आदेश दिला होता. तो व्यवहारात उतरला नाही. आणि आईबापांच्या निवडीवर अशी सक्ती करावी की नाही, याविषयी मतभेद राहणारच. पण न्यायालयाचे निदान अचूक होते. जी व्यवस्था चालविणाऱ्याला स्वतःच्या घरासाठी लागत नाही, तिच्यातील गळके छप्पर त्याला कागदावर दिसते, डोक्यावर पडत नाही. सरकारी शाळेतून अधिकाऱ्याचे मूल गेले तेव्हा एक विद्यार्थी कमी झाला असे नाही. पालकसभेतून एक अधिकारवाणी गेली. मागे उरले ते पालक अर्जाचा नमुना भरण्यासाठीही दुसऱ्याची मदत मागणारे.

म्हणून शेजारशाळेचा विचार सक्तीने नव्हे, पण हट्टाने पुन्हा हाती घ्यावयास हवा. त्यासाठी करावयाच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. वसाहत हलविण्यापूर्वी नव्या जागी शाळेच्या खोल्या तयार असाव्यात. रिकाम्या पदांवर वेळच्या वेळी शिक्षक यावेत. पहिली-दुसरीच्या शिक्षकाला मुलांच्या घरच्या बोलींची ओळख करून द्यावी. आणि ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा काही कुटुंबांनी, अगदी थोड्या का होईना, आपल्या सेक्टरातील शाळेच्या फाटकातून आत जावे. एका सेक्टरात अशी दहा घरे निघाली, तरी पुढच्या वर्षी विसाव्या घराला धीर येईल. महाराष्ट्रातील शहरांनाही हे तितकेच लागू आहे. आपल्या महापालिकांच्या कितीतरी शाळा मोक्याच्या जागी उभ्या आहेत आणि त्यांच्यासमोरून दुसऱ्या शाळांच्या बसगाड्या रोज भरून जातात.

चंदीगडच्या रस्त्यांवर डॉ. महिंदरसिंग रंधावा यांच्या पुढाकाराने अमलताश, गुलमोहर, जारूल अशी झाडे ओळीने लावण्यात आली. अमलताश म्हणजे आपला बहावा आणि जारूल म्हणजे तामण. ज्यांनी ती लावली त्यांतील बहुतेक जण आज हयात नाहीत. उन्हाळ्यात शाळा सुटते तेव्हा बहावा पिवळा झालेला असतो, आणि मलोयाला किंवा धनासला परतणारी मुले त्याच्या सावलीतून आपली लांबची वाट कापीत असतात. ही वाट आखणाऱ्यांनी ती मुले मनात धरली नव्हती. ती मुले मात्र रोज तिच्यावरून चालतात आणि तिचे सार्थक करतात. त्यांच्याबरोबर चालावयास सेक्टरातील मुले केव्हा येणार, याचे उत्तर त्या मुलांनी द्यावयाचे नाही. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी द्यावयाचे आहे.